कोटेशनमधील तीन कलमे

सन २०११ च्या पावसाळ्यात आरमोरीच्या आमच्या शाखेत माझ्या टेबलावर एक कर्जप्रकरण आले. अर्जदार पंचविशीतला, जवळच्याच एका खेड्यातला. बारावीनंतर शिक्षण सुटले, मग नागपुरात एका फोटो स्टुडिओत चार वर्षे हाताखाली काम करून तो गावी परतला होता. मागणी होती एका व्यावसायिक हाय डेफिनिशन व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. तोवरच्या नोकरीत मी पिठाच्या गिरण्या, राईस मिल, दुभती जनावरे, ट्रॅक्टर, कापडाचा आणि किराण्याचा साठा अशा नाना वस्तूंवर कर्ज दिले होते. कॅमेऱ्यावर कधी दिले नव्हते.

योजना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची होती. ही योजना २००८ साली सुरू झाली; सेवा उद्योगासाठी त्या वेळी प्रकल्पखर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास २५ टक्के, तर विशेष प्रवर्गातील अर्जदारास ३५ टक्के अनुदान मिळत असे. हे अनुदान अर्जदाराच्या हाती पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, हे आपल्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच. थोडक्यात, बँकेची जोखीम बरीच सुरक्षित होती. तरीही मी कोटेशन हाती घेऊन तांबड्या शाईची लेखणी उघडली, कारण कोटेशन दिसले की त्यातून काही तरी कापायचे, ही तीस वर्षांची सवय होती.

कोटेशन दोन पानी होते. कॅमेरा, दोन जादा बॅटऱ्या, मेमरी कार्डे, ट्रायपॉड, एक दिवा. आणि शेवटी तीन कलमे: लांब नळीसारखा एक माईक, कॉलरला लावण्याच्या बिनतारी माईकचा एक संच आणि एक हेडफोन. कॅमेऱ्याची माहितीपत्रिका सोबत जोडली होती. तीत स्पष्ट लिहिले होते की कॅमेऱ्यात अंतर्गत मायक्रोफोन आहे. मी ती ओळ अर्जदाराला दाखवली आणि विचारले, माईक आत आहेच, तर बाहेर आणखी दोन कशाला? तो गडबडला. मग म्हणाला, "साहेब, चित्र दिसन, पन आवाज नाही आला त नाटक कोन पाहीन?"

मी तिन्ही कलमांवर रेघ मारली. त्यांची बेरीज एकूण रकमेच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत होती. शेऱ्यात लिहिले, "अनावश्यक उपसाधने वगळून मंजुरीस शिफारस." पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी हे प्रकरण काटकसरीचा नमुना म्हणून सांगितले असते, इतके मला ते तेव्हा बरोबर वाटले होते.

ज्या वस्तूवर कर्ज द्यायचे ती समजून घ्यायची, एवढा नियम मात्र मी पाळत असे. म्हणून ती माहितीपत्रिका मी घरी नेऊन वाचली. मॉडेलचे नाव येथे देत नाही. जाहिरात करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण काही गोष्टी त्या वयात नव्याने कळल्या, त्या सांगण्याजोग्या आहेत. आपण दूरदर्शनवर वर्षानुवर्षे जे चित्र पाहिले त्याच्या डिजिटल रूपात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. हाय डेफिनिशनच्या पूर्ण चित्रात ते १,९२० आणि १,०८० असतात. गुणाकार करून पाहिला. पहिल्याचे ४,१४,७२० आणि दुसऱ्याचे २०,७३,६०० ठिपके. भाग दिला तर बरोबर पाचपट, बाकी शून्य. ताळेबंद एका झटक्यात जुळावा तसा आनंद मला त्या बाकी शून्याने दिला होता.

नव्वदच्या दशकात आपल्या घरांतील लग्नांत खांद्यावर जड व्हीएचएस कॅमेरा घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे डोक्याएवढा दिवा धरून चालणारा पोऱ्या, हे दृश्य अनेकांना आठवत असेल. नंतर डिजिटल कॅसेट आली. २००३ साली कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चार जपानी कंपन्यांनी मिळून त्याच लहान कॅसेटवर हाय डेफिनिशन चित्र साठवण्याचे एचडीव्ही नावाचे मानक ठरवले. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी आणले आणि पुढे कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. आमच्या अर्जदाराचा कॅमेरा या शेवटच्या पिढीतला. कॅसेट तासाभराने संपे. कार्डाचा हिशेब मी असा मांडला: सेकंदाला कमाल २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट, तासाला १०,८०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे ११ जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर तीन तासांना थोडे कमी. कॅमेऱ्यात कार्डासाठी दोन खाचा असतात; एक भरले की चित्रण न तुटता दुसऱ्यावर जाते आणि भरलेले काढून तेथे रिकामे बसवता येते. पाण्याच्या दोन घागरी आळीपाळीने भरण्यासारखेच हे.

न तुटण्याला एवढे महत्त्व का, ते मंजुरीनंतरच्या पाहणीत कळले. दिवाळी होऊन गेली होती. या भागात दिवाळीनंतर मंडया भरतात आणि मंडईबरोबर नाटके येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि येथील नाट्यमंडळ्यांचे मुख्य ठाणे आमच्या आरमोरीजवळचे वडसा, म्हणजेच देसाईगंज. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत मिटत नाही. गाणी ध्वनिमुद्रित नसतात. रंगमंचाशेजारी वादक बसलेले असतात आणि नट स्वतः गातात. पुण्या-मुंबईचे नाट्यगृह ओस पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण येथे एकाच रात्री शेजारच्या गावांत वेगवेगळी नाटके असतात आणि सगळी भरलेली असतात. पुढे २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनी हे नाव प्रथम ऐकले. आमचा अर्जदार याच नाटकांचे चित्रण करून गावोगाव सीडी विकण्याचा व्यवसाय मांडणार होता, आणि उन्हाळ्यात लग्ने. हंगाम दिवाळी ते होळी नाटकांचा, पुढे पावसापर्यंत लग्नांचा. म्हणजे हप्ते फेडण्याला चार महिने सोडले तर रोकड येत राहणार. हा भाग मला फार आवडला होता.

त्या रात्री मी त्याच्याजवळ स्टुलावर बसून होतो. थंडी होती, दव पडत होते, आणि तो दर थोड्या वेळाने मऊ कापडाने भिंगाची पुढची काच पुसत होता. भिंगावर फिरवण्याची तीन कडी होती: एक दृश्य स्पष्ट करण्याचे, एक जवळ-दूर नेण्याचे, एक प्रकाश कमी-जास्त करण्याचे. तिन्ही त्याच्या बोटांना न बघता सापडत. आत प्रकाशाचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग करून तीन वेगळ्या सेन्सरांवर पाडले जातात, म्हणून रंग खरे येतात, असे त्याने सांगितले. नायिकेच्या चेहऱ्यावर झोत आला की लहान पडद्यावर तिच्या गालावर तिरप्या काळ्या रेघा उमटत. मला वाटले बिघाड झाला. तो म्हणाला, ही सूचना आहे. उजेड जास्त झाला, चेहरा पांढराफटक होणार. त्याने कडे किंचित फिरवले, रेघा गेल्या. अंधाराच्या प्रसंगात गेन नावाचे बटण वर केले तर दिसते, पण चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात, म्हणून तो ते शक्य तितके खालीच ठेवी. जनरेटर मंद झाला की ट्यूबलाईटचे पट्टे चित्रात सरकताना दिसत. त्यावर त्याने शटरचा वेग सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधला होता, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

आणि आवाज? आवाज उत्तम येत होता. नाटकमंडळीच्या मिक्सरमधून एक उसनी केबल काढून त्याने कॅमेऱ्याच्या बाजूच्या तीन पिनांच्या जागेत लावली होती. हीच जागा व्यावसायिक कॅमेऱ्याला घरगुती कॅमेऱ्यापासून वेगळी करते. तिला एक्सएलआर म्हणतात. तिची युक्ती कोणाही वही लिहिणाऱ्याला कळेल. एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीतून सुलट आणि दुसरीतून उलट. वाटेत जनरेटरची, दिव्यांची जी घरघर मिसळते ती दोन्ही तारांत सारखीच मिसळते. पलीकडे एक तार पुन्हा उलटवून बेरीज केली की आवाज दुप्पट होतो आणि घरघर जमेत तितकीच, नावे तितकीच होऊन वजा जाते. मला ते इतके पटले की मी त्याला म्हणालो, बघा, माईकवाचून काम अडले नाही ना? तो हसला, काही बोलला नाही. पाहणी अहवालात मी "यंत्र समाधानकारक चालू" असे लिहिले.

येथे थोडे विषयांतर. आजकाल आपल्या मुलांच्या लग्नांत फोटोच्या कॅमेऱ्यावरच व्हिडिओ काढतात, मागचे धूसर होऊन नवरीचा चेहरा तेवढा उठून दिसतो आणि तो सिनेमासारखा भासतो. ही लाट २००८ साली कॅननच्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्यापासून आली. पण त्यात एक तुकडा सुमारे बारा मिनिटांचाच होई, कारण एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नसे. नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तीस मिनिटांना एक सेकंद कमी अशी विचित्र मर्यादा होती. तिचे कारण तंत्रात नव्हते, जकातीत होते: सलग तीस मिनिटे चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर बसे. कराच्या एका कलमाने जगभरच्या यंत्रांचा आकार ठरावा, हे आपल्यासारख्यांनाच गमतीचे वाटेल. दीड तासाचे प्रवचन, वर्षीतपाच्या पारण्याचा समारंभ किंवा सप्तपदीपर्यंतचा विधी सलग हवा असेल तर माझे मत अजूनही जुन्या धाटणीच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्याच बाजूने आहे. असो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये माझ्या मुलीचे लग्न आरमोरीतच झाले. चित्रणाचे काम साहजिकच त्याच मुलाला दिले. आपली लग्ने दिवसा, जेवणे सूर्यास्ताआधी; म्हणून उजेडाची चिंता नव्हती, उलट मांडवाबाहेर ऊन फार होते आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगामागे काळसर काचा असतात, त्या बटणाने पुढे येतात. त्याने सगळे नीट केले. माझी आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिचे माहेर कारंजाचे. जात्यावर बसून वाढलेल्या पिढीतली. कोणत्याही प्रसंगाची ओवी ती बसल्या जागी रचत असे आणि दुसऱ्या दिवशी विसरत असे. कोणी वहीत लिहू लागले तर ती थांबे. म्हणून तिची एकही ओवी आमच्याकडे लिहिलेली नाही.

नवरी निघण्याआधी अंगणात आंब्याखाली आईने नातीला जवळ बसवले आणि ती गायली. सगळ्या बहिणी, सुना, भाच्या भोवती दाटल्या होत्या. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून चित्रण करणारा मुलगा फाटकाशी उभा राहिला आणि तेथून त्याने झूम करून आईचा चेहरा पडद्यावर आणला. वीसपट झूम होता. फाटकापासून तिच्या डोळ्यातले पाणी दिसत होते. फाटकाच्या बाहेर, त्याच्या पाठीशी चार हातांवर, बँडवाले वाजवत होते. त्यांच्या पैशांचा वाद मिटवीत मी तेथेच होतो. माझी आई माझ्या मुलीसाठी गात होती आणि मी दोनशे रुपये कमी करून घेत होतो. मी ते गाणे ऐकले नाही.

झूमने चित्र जवळ येते, आवाज जवळ येत नाही. कॅमेऱ्याच्या आतला माईक जेथे कॅमेरा उभा आहे तेथलेच ऐकतो. शिवाय तो आपोआप जुळवून घेणारा असतो: मोठा आवाज आला की सगळेच खाली दाबतो, शांत झाले की सगळेच वर उचलतो. बँड मोठा होता, म्हणून त्याने आईला दाबले. तिच्या पदराला लावलेला कॉलर माईक असता तर एका चॅनलवर ती आणि दुसऱ्यावर बँड, असे दोन वेगळे खाते राहिले असते. तो माईक कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, माझ्या तांबड्या रेघेखाली होता.

महिन्याभराने डीव्हीडी आल्या. सगळ्यांनी कौतुक केले. त्या प्रसंगात बँड वाजतो आहे आणि आई ओठ हलवते आहे, एवढेच होते. बँड सुरेल होता, म्हणून कोणाला काही खटकले नाही. मलाही नाही. आई समोर होती, पुन्हा गाईल, असेच आम्ही सर्वांनी मनात धरले असावे. २०१३ च्या श्रावणात ती गेली.

तेरा-चौदा दिवस गेल्यावर मुलीने तिच्या सासरहून फोन केला, "बाबा, आजीचं गाणं काढून पाठवा ना." मी डीव्हीडी लावली. त्या दिवशी मला ती रेघ दिसली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या दुकानात गेलो. डीव्हीडीवर चित्र जुन्याच मापाचे, म्हणजे पाचपटीतले चार भाग गाळून येते. मूळ चित्रण उरले आहे का, हे विचारायचे होते. सहसा ही मंडळी कार्डे पुसून पुन्हा वापरतात. त्याने एका हार्ड डिस्कवर आमचे सगळे चित्रण जपून ठेवले होते. संगणकावर त्याने दोन तास खटपट केली. ढोलाची जाड धमक कमी करता आली, पण क्लॅरिनेट आणि बाईमाणसाचा गळा एकाच पट्टीत येतात. एकाला काढले की दुसरेही जाते. शेवटी त्याने हात वर केले.

मी त्याला म्हणालो, तुझी तीन कलमे मी कापली नसती तर हे झाले नसते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी बँड थांबवा म्हनून तुमाले सांगाव असा वाटला होता साहेब. पन तुमी पैशाचा बोलत होते."

निघताना सहज नजर गेली. भिंतीवर खिळ्याला एक कॉलर माईकचा संच आणि एक हेडफोन टांगला होता. केव्हा घेतलास, म्हणून विचारले. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बिलातून, असे त्याने सांगितले. त्याचे कर्ज पुढे मुदतीआधी फिटले. नजरगहाण काढल्याच्या पत्रावर सही माझीच आहे.

मूळ फाईल मी पेन ड्राइव्हवर आणली. दिवाळीत बहिणी आल्या तेव्हा मोठ्या टीव्हीवर लावली आणि आवाज पूर्ण बंद केला, कारण बँड कोणालाच नको होता. आईचा चेहरा भिंतीएवढा झाला. कपाळावरच्या आठ्या, एक पडलेला दात, ओठांच्या कडेची थरथर, सगळे वेगळे वेगळे दिसत होते. थोरली बहीण पुढे सरकून बसली. तिला कानाने थोडे कमी ऐकू येते आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहण्याची तिला बरीच वर्षे सवय आहे. तिने एकदा पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा आईच्या ओठांबरोबर हळूच म्हणू लागली. पहिल्या ओवीत कारंजाची वेस होती. दुसरीत माझ्या वडिलांचे नाव होते, जे आईने आमच्यासमोर आयुष्यात कधी घेतले नव्हते. तिसरीत नातीच्या सासरची वाट.

चौथ्या ओवीच्या मध्यावर नवरीने मान आजीच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या केसांनी आईचे तोंड अर्धे झाकले. तेथे दोन शब्द जातात. थोरली म्हणते "माझा लेक", धाकटी म्हणते "माझी लेक", आणि मधली म्हणते की ते शब्द हे नव्हेतच. गेल्या दिवाळीतही आम्ही तेवढा तुकडा थांबवून थांबवून पाहिला.